बाबांचे नऊ ब्रास

रविवार, १२ मे. सकाळी सव्वासात.

हजर: मी, वही आणि टेपचे एक टोक घेऊन. नवरा, टेपचे दुसरे टोक घेऊन. सासरे, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, समोर अर्धा कप चहा. गैरहजर: मुलगी. ती नोकरीसाठी पुण्याला असते. तिने फोनवर "ऑल द बेस्ट" कळवले आणि पुन्हा झोपली.

काम: फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर किती खडी लागेल, ते काढणे.

अंदाज काढणे हे माझे रोजचे काम आहे. वालीवला एका लहान कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. नट, वॉशर, रबरी रिंगा, ग्रीसचे डबे. काय किती आहे आणि किती दिवस पुरेल, हे मला न बघता सांगता येते, आणि तरीही मी बघून येते. घरीही माझ्या याद्या असतात. फ्रिजवर एक लांबट वही ठेवलेली असते. ती सगळ्यांनी वाचायची आणि वाचून आपापले काम करायचे, असा नियम. मे महिन्याचे पान दर वर्षी जवळपास सारखेच असते: पन्हळी साफ करणे, ताडपत्री, गच्चीचे डांबर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी, स्वयंपाकघराच्या फरशीतली भेग पांढऱ्या सिमेंटने भरणे. या वर्षी सगळ्यांत वर लिहिले होते: खडी.

आमचे घर वसईजवळ उमेळ्याला आहे. लग्न होऊन आले तेव्हा घराभोवती केळी होत्या, पलीकडे भाताची शेते, आणि वाट रस्त्याच्या पातळीवरच होती. आता डावीकडे सात मजल्यांच्या सोसायटीची भिंत आहे, मागे दुसरीची, उजवीकडे तिसरीचा जनरेटर. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा फूट-दीड फूट वर गेला. आम्ही काही खाली गेलो नाही, पण पाण्याला ते समजावता येत नाही. जुलैत रस्त्याचे पाणी फाटकातून आत येते आणि बाहेर जायला त्याला दुसरीकडे वाट नाही. आम्हालाही नाही.

गेल्या वर्षीपर्यंत हे नुसते गैरसोयीचे होते. चपला हातात घ्यायच्या, साडी खोचायची. मग सासऱ्यांचे, म्हणजे बाबांचे, डायलिसिस सुरू झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सेंटरची गाडी दारात येते, घेऊन जाते, पाच तासांनी आणून सोडते. मागच्या जुलैत पाणी तीन दिवस हटले नाही. गाडी फाटकातून आत शिरली आणि मध्यावर तिचे चाक चिखलात गेले. सोसायटीतल्या चौघांनी ढकलून ती उलटी बाहेर काढली, आणि ड्रायव्हर हात जोडून निघून गेला. गुरुवारची पाळी चुकली. शुक्रवारी दुपारी बाबांना आडवे होता येईना. उशांना टेकून बसवले तरी श्वास पुरत नव्हता. पाय इतके सुजले की बोट दाबले तर खळगा तसाच राहायचा. शनिवारी सकाळी नवऱ्याने आणि शेजारच्या वॉचमनने त्यांना याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, गुडघाभर पाण्यातून रस्त्यापर्यंत नेले. मी पुढे काठीने वाट चाचपत होते. वाटेच्या त्या चौसष्ट फुटांना किती वेळ लागला ते मी बघितले नाही. एरवी मी वेळ बघते.

त्यानंतर नवऱ्याने ठरवले की जून ते सप्टेंबर सेंटरजवळ भाड्याने फ्लॅट घ्यायचा. त्याने एक बघूनही ठेवला होता, वसई रोडला, तिसरा मजला, लिफ्ट. मालकाला मेअखेरपर्यंत हो-नाही सांगायचे होते. जेवताना त्याने हे सांगितले तेव्हा बाबा खाली मान घालून भात कालवत राहिले. डॉक्टरांनी पाणी मापून द्यायला सांगितले आहे, म्हणून त्यांना आमटीही बेताचीच मिळते, आणि भात कालवायला वेळ लागतो.

मी म्हणाले, "आधी वाट उंच करून बघू. खडी टाकू. गाडी कोरड्यातून दारापर्यंत आली तर फ्लॅट कशाला?"

नवरा म्हणाला, "नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर फ्लॅट."

हे बाबांच्या समोरच ठरले. तेव्हा त्या वाटेवर नेमके काय पणाला लागले होते, ते तिघांनाही माहीत होते.

तर मोजमाप. लांबी चौसष्ट फूट. रुंदी फाटकाशी अकरा, मध्यावर नऊ, ओट्याशी आठ. सरासरी सव्वानऊच्या किंचित वर. खोलीसाठी मी कारखान्यातून लेव्हलची पारदर्शक नळी आणली होती. तिच्यात पाणी भरले, फाटकाशी खूण केली आणि पाच ठिकाणी किती भर हवी ते मोजले. चार इंच, आठ, दहा, अकरा, बारा. सरासरी नऊ इंच, म्हणजे पाऊण फूट. गुणाकार केला, चारशे अठ्ठेचाळीस घनफूट आले. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साडेचार ब्रास. खडी दबते, म्हणून पाचवा हिस्सा वर धरायचा. झाले पाच पूर्णांक चार. डंपर दोन ब्रासचा येतो, म्हणजे तीन खेपा. सहा ब्रास. उरेल ती फाटकाशी टाकता येईल.

"सहा," मी मोठ्याने म्हणाले.

"नऊ," ओट्यावरून बाबा म्हणाले.

"कशावरून, बाबा?"

"असंच."

नवरा हसला. "बाबा, तुमच्या वेळी टोपलीने मोजायचे. आता गणित असतं."

"टोपली खोटं नाय बोलत."

"आणि गणित बोलतं?"

"गनिताला वरचं दिसतं," बाबा म्हणाले आणि कप पालथा घातला. चहा संपला की ते कप पालथा घालतात, म्हणजे कोणी पुन्हा भरणार नाही आणि त्यांना नाही म्हणावे लागणार नाही.

मी वहीत लिहिले: मी ६, बाबा ९ (अंदाजे). कंसातला शब्द लिहिताना मला आपण मोठे मन दाखवतो आहोत असे वाटले होते.

एक गोष्ट मात्र मी विचारली होती. आमच्या कुटुंबाचे पूर्वी एक बावखल होते. वसईत प्रत्येक वाडीला असायचे, गोड्या पाण्याचे डबके म्हणा, लहान तळे म्हणा. बागेला पाणी त्यातलेच. मी लग्न होऊन येण्याच्या कितीतरी आधी ते बुजवले होते. मी नवऱ्याला म्हणाले, "ते बावखल वाटेत येत नाही ना?"

"छे. ते तिकडे होतं." त्याने सोसायटीच्या भिंतीकडे हात केला. "जांभळाखाली. आता त्यांचं पार्किंग आहे तिथे. ते त्या तुकड्यासोबत विकलं."

आमच्या घरात हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले होते. बावखल विकले. पंचवीस वर्षांपूर्वी जमिनीचा तो तुकडा गेला, त्यावर सोसायटी झाली, आणि बावखलही कागदासोबत भिंतीपलीकडे गेले, असे सगळेच धरून चालले होते. नवरा सहा वर्षांचा असताना ते बुजवले. त्याला आठवत होते जांभळाचे झाड, म्हशीची शिंगे आणि पाण्यात पडलेली आपली चप्पल. सहा वर्षांच्या मुलाच्या आठवणीवरून मी कारखान्यात एक वॉशरसुद्धा कोणाला दिला नसता.

बाबा तेव्हा ओट्यावरच होते. ते डोळे मिटून बसले होते. मला वाटले, डुलकी लागली असेल.

खडी पुढच्या रविवारी आली. खडीवाला माणूस बोलका होता. फोनवर मला "मॅडम" म्हणायचा आणि समोर आल्यावर "ताई". पहिला डंपर रिकामा होण्याआधी मी त्यावर चढून हौदा मोजला. अकरा फूट लांब, साडेसहा रुंद, पावणेतीन उंच.

"तीन घनफूट कमी आहे," मी वरून सांगितले.

"ताई, तीन फूट म्हणजे दोन घमेली!"

"दोन घमेली तुमच्या घरी टाकते, चालेल?"

"आमच्या बायकोला तुमच्याकडे ट्रेनिंगला पाठवतो," तो म्हणाला. "नको, नको. पाठवत नाही."

पहिली खेप वाटेच्या निम्म्यापर्यंत मागे घेऊन ओतली. एक मजूर जोडपे कामाला होते. दोघांनी दोन तासांत फावड्याने ती फाटकापासून मध्यापर्यंत पसरली. मी टेप लावून बघितले. जिथे दहा इंच हवे तिथे दहा. वहीत खूण केली. बाबा खुर्ची ओढत ओट्याच्या टोकापर्यंत आले होते. मला वाटले, त्यांना बघायला बरे वाटत असेल.

दुसरा डंपर अकराच्या सुमाराला आला. या ड्रायव्हरला अजून मागे जायचे होते, म्हणजे पुढची खडी थेट ओट्याजवळ पडेल आणि मजुरांचे काम वाचेल. ही माझीच सूचना होती. तो नव्या पसरलेल्या खडीवरून हळूहळू मागे आला. नवरा मागून हाताने "ये, ये, ये" करत होता. बाबा एकदम उठून उभे राहिले. आधाराशिवाय. मी ओरडले, "बाबा, बसा!" आणि माझे लक्ष त्यांच्याकडे असतानाच डंपरचे डावे मागचे चाक खाली गेले.

आवाज मोठा झाला नाही. गाडी एका बाजूला बसली, एवढेच. जणू कोणी तिला खालून धरून खाली घेतले. ड्रायव्हरने पुढे घ्यायचा प्रयत्न केला तसे चाक आणखी गेले. खडीतून काळा, कुजका चिखल वर आला आणि त्याबरोबर नारळाच्या झावळ्यांचा वास. एवढ्या उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीखाली.

"मॅडम, गाडी बैठ गई," ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला. मला ते दिसतच होते.

मी बाबांकडे गेले. ते परत खुर्चीत बसले होते.

"तिथंच होतं," ते म्हणाले.

"काय?"

"बावखल."

नवरा जागच्या जागी वळला. "बाबा, बावखल पलीकडे होतं! जांभळाखाली!"

"जांभूळ ह्या अंगाला होतं. मीच तोडलं." त्यांनी भिंतीकडे बोट केले. "विकलं ते अर्धं. अर्धं आपल्याकडं राहिलं."

नवरा काहीतरी बोलणार होता. मी त्याचा दंड धरला. मजूर बाई फावड्यावर हात ठेवून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "म्हातारबाबाला ठाव होतं म्हनून उठला."

आमची वाट नऊ फुटांची आणि डंपर साडेसात. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला घर, मध्ये तिरका बसलेला डंपर. मी कडेने निघून बघितले. पोट आत घेऊन, साडी आवळून, मी एकटी कशीबशी निघाले. खुर्ची निघाली नसती. मंगळवारची पाळी तोंडावर आली होती. जुलैचे पाणी अजून दोन महिने लांब होते, आणि मी मे महिन्याच्या कोरड्या रविवारी, स्वतः मोजमाप करून, स्वतः मागवलेल्या खडीने बाबांना घरात कोंडले होते.

सोमवारी मी कामावरून रजा घेतली. डंपर ओढायचा तर आधी हलका करायला हवा, आणि हौदा उचलायला ड्रायव्हर तयार नव्हता, कारण गाडी उलटली असती. म्हणून दोन ब्रास खडी घमेल्यांनी खाली उतरवली. ती टाकायला एकच जागा होती: चाकाखालचा खड्डा. मजुरांनी खड्डा भरला. दुपारी जेवून आले तेव्हा तो पुन्हा हातभर खाली गेला होता. पुन्हा भरला. खडीवाल्याने पहार मागवली आणि खड्ड्यात घातली. ती मुठीपर्यंत गेली, आणि त्याने ती घाईने बाहेर काढली, जणू खालून कोणी धरेल.

"ताई, ह्याला खडी नाही पुरायची. आधी डबर भरा, मोठाले दगड. डबर बसला की मग वरून खडी."

"किती डबर?"

"खड्डा केवढा, त्यावर."

हे मलाही ठाऊक होते. मी रोज तेच काम करते. केवढा, हेच ठाऊक नव्हते.

संध्याकाळी तिसरी खेप घेऊन आलेल्या डंपरने तारेचा दोर लावून अडकलेल्याला ओढून काढले. ती खडी फाटकाशीच ओतून दोघे निघून गेले. आता वाटेत डंपर नव्हता, पण फाटकात खडीचा ढीग होता आणि मध्यावर खड्डा.

मंगळवारी सकाळी सेंटरची गाडी रस्त्यावरच थांबली. नवरा आणि वॉचमन, तीच माणसे, तीच खुर्ची. खड्ड्याच्या कडेवर मी रात्रीच दोन फळ्या टाकून ठेवल्या होत्या. ढिगावर चढताना खडी पायाखालून सरकायची आणि खुर्ची एका बाजूला कलायची. बाबांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"वाजंत्री कुठं गेली?" ते म्हणाले. "एवढी वरात आन वाजंत्री नाय?"

वॉचमन हसला. नवरा हसला नाही. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला जे म्हणायचे होते ते मला कळत होते. आज मे आहे. जुलैत काय करशील?

सेंटरमध्ये मी बाबांच्या शेजारी स्टुलावर बसले. चार तास यंत्र त्यांचे रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडते. हात हलवायचा नसतो. मी नेहमी तिथे बसून आठवड्याची वाणसामानाची यादी करते. त्या दिवशी वही पिशवीतच ठेवली.

"बाबा, नऊ कुठून आले?"

त्यांनी नजर छताकडे नेली.

"बत्तीस गाड्या माती घातली मी त्यात," ते म्हणाले. "बैलगाडी. वर झावळ्या, कौलांचे तुकडे, घरात जे मोडलं ते. तरी त्याचं पोट भरलं नाय. आईनं सांगितलेलं, पान्याची जागा पान्याला ठेव. मी म्हटलं, नळ आलाय आता, डास कशाला पाळायचे?"

"मग मला का नाही सांगितलंत? मी बावखलाचं विचारलं होतं. तुम्ही तिथेच होता."

"तू लिहून घेतलं असतंस."

"मग?"

"तू लिहिलं की तो वाचनार. वाचलं की फ्लॅट."

यंत्राचा एक दिवा लागला. नर्स आली, नळी नीट करून गेली. बाबांचा हात मी धरून ठेवला, कारण तो हलवायचा नव्हता.

"मी म्हटलं, नऊ सांगावं," ते पुढे म्हणाले. "तू नऊ आनशील. जास्तीची खडी त्यात जाईल आन वाट होईल. कोनाला कळनार नाय."

"फ्लॅट काही वाईट नाही, बाबा. लिफ्ट आहे. चार महिन्यांचा प्रश्न."

"लिफ्टनं वर जाईन, बाय," ते म्हणाले. "खाली येईन का, ते सांग."

मी त्यांना सांगितले, येणार म्हणून. डोळे मिटून ते म्हणाले, "हां." तसेच ते नर्सलाही म्हणतात.

बुधवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर ते काठी घेऊन ओट्याच्या खाली उभे होते. मी बांबूच्या चार खुंट्या करून ठेवल्या होत्या. बावखलाच्या चार कडा त्यांनी दाखवायच्या, मी खुंट्या ठोकायच्या, मग लांबी, रुंदी आणि बाबा सांगतील ती खोली. डबराचा आकडा निघेल. आकडा निघाला की मी खडीवाल्याला फोन करणार होते. नवरा अजून लोकलमध्ये होता, त्याला यायला तास होता. बाबांनी ही वेळ मुद्दाम निवडली असावी.

"हितं," ते म्हणाले. पहिली खुंटी भिंतीच्या बुडाशी. फळीवरून खड्डा ओलांडताना त्यांनी माझा खांदा धरला. हाताला वजन नव्हते. "हितं." दुसरी खुंटी फाटकाकडे, पहिलीपासून एकोणीस फुटांवर. दुसऱ्या खुंटीकडून ते वळले आणि घराच्या भिंतीला समांतर चालत आले. तिसरी ओट्याच्या पायरीपासून हातभर. हे मला अनपेक्षित होते. तिथे मी बारा इंच भर धरली होती, सगळ्यांत जास्त. जमीन तिथे सगळ्यांत खाली का होती, हे लेव्हलच्या नळीने मला पहिल्या रविवारीच सांगितले होते. मी फक्त आकडा लिहून घेतला होता.

"आणि चौथी?" मी विचारले. "ही कड कुठे संपते?"

बाबांनी काठी उचलली. ती वाटेवर फिरली नाही. ती घराकडे गेली, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, आणि थोडा वेळ तिथेच राहिली.

आमचे स्वयंपाकघर घराच्या मूळ आराखड्यात नाही. आमचे लग्न ठरले तेव्हा बाबांनी ते नव्याने बांधले, सुनेला धुरात बसावे लागू नये म्हणून. पाहुण्यांना ते अजून कौतुकाने सांगतात.

"चहा ठेव," ते म्हणाले. "माझा अर्धा राहिलाय आजचा."

मी चहा ठेवला. गॅससमोर उभी राहिले की पायाखाली ती भेग असते, गॅसच्या ओट्यापासून दारापर्यंत तिरकी. दर मेमध्ये मी ती भरते, आणि दर दिवाळीपर्यंत ती उघडते. या वर्षीचे पांढऱ्या सिमेंटचे पाकीट कपाटात आणून ठेवलेले आहे. चहा उकळून वर आला तरी मी खालीच बघत होते.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "निघाला का आकडा? वहीत काही दिसत नाही."

"तीन खुंट्या झाल्या," मी म्हणाले. "एक राहिली."

"कुठली?"

बाबा भात कालवत होते. त्यांचा हात थांबला.

"उद्या करते," मी म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितले. मी कधीच उद्या म्हणत नाही, हे त्याला माहीत आहे. "महिनाअखेरपर्यंत मालकाला सांगायचंय," एवढेच तो म्हणाला आणि ताट उचलून गेला.

काल गुरुवारची पाळी झाली, पुन्हा खुर्चीतून. उद्या शनिवारची आहे. फाटकातला ढीग मजूर बाईने कडेला ओढून माणूस जाईल एवढी वाट केली आहे. गाडी जाईल एवढी नाही. खड्ड्यातली खडी आणखी चार बोटे खाली गेली आहे. सकाळी कामावर निघताना मी बघते, संध्याकाळी आल्यावर बघते. एकूण सहा ब्रास आले. बाबांचे नऊ आले असते तरी पुरले नसते, हे आता मला कळते, आणि त्यांनाही.

वहीत खडीच्या खाली मी लिहिले आहे: चौथी खुंटी. पुढे जागा मोकळी सोडली आहे. कशासाठी, कुठे, हे लिहिलेले नाही. खुंटी आणि हातोडा स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी ठेवले आहेत. भेगेजवळची एक फरशी उचलून खाली पहार घालून बघायची आहे.